सतरा राज्ये, एक अर्ज: छोट्या कॉलेजने ‘सारा’त सामील होण्याचा अनुभव

मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका छोट्या खासगी, विनानफा कॉलेजात मी नियमपालनाचे काम करते. आमच्याकडे सुमारे अकराशे विद्यार्थी आहेत आणि त्यांपैकी दोनशेच्या आत-बाहेर विद्यार्थी संपूर्णपणे ऑनलाइन शिकतात. हे ऑनलाइन विद्यार्थी वेगवेगळ्या राज्यांत राहतात, आणि त्यांना शिकवण्याची परवानगी त्या त्या राज्याकडून मिळवणे हे २०१६ पासून माझ्या टेबलावरचे सर्वांत मोठे काम होते. २०१८ मध्ये आमचे राज्य ‘सारा’ (स्टेट ऑथोरायझेशन रेसिप्रॉसिटी अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे एका राज्याची परवानगी इतर सदस्य राज्यांनी मान्य करण्याचा करार) या आंतरराज्य करारात सामील झाले आणि त्यानंतर आमच्या कॉलेजचे पैसे आणि तास दोन्ही वाचले. अमेरिकेतील कॉलेजांच्या प्रशासनात आता बरेच मराठी लोक आहेत आणि त्यांतील काहींवर हे काम अचानक येऊन पडते, हे मला माहीत आहे. मला सुरुवातीला जे कोणी सांगितले नाही, ते येथे क्रमाने लिहिते.

भारतातून आलेल्या माणसाला पहिली अडचण समजण्याचीच येते. आपल्याकडे दूरशिक्षणाची मान्यता म्हटली की विद्यापीठ अनुदान आयोगाचे नाव डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत असे एकच दार नाही. कॉलेजला पदवी देण्याचा अधिकार राज्य देते, गुणवत्तेची मान्यता अ‍ॅक्रेडिटेशन संस्था देते आणि विद्यार्थ्यांची सरकारी आर्थिक मदत केंद्रीय शिक्षण खात्याकडून येते. ऑनलाइन शिक्षणात प्रश्न असा उभा राहतो की विद्यार्थिनी ओहायोतील आपल्या घरात बसून मॅसॅच्युसेट्समधील कॉलेजचा वर्ग करत असेल, तर ते शिक्षण कोणत्या राज्यात घडते? अनेक राज्यांच्या कायद्यांचे उत्तर असे की विद्यार्थी जेथे आहे तेथे, आणि म्हणून परवानगीही तेथलीच हवी.

ऑक्टोबर २०१० मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने नियम केला की सरकारी मदत हवी असेल तर कॉलेजने प्रत्येक विद्यार्थ्याच्या राज्याची परवानगी दाखवावी. न्यायालयाने २०११ मध्ये दूरशिक्षणाचा तो भाग रद्द ठरवला आणि २०१२ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्यानंतर ‘नियम गेला, आता परवानगी नको’ असा समज पुष्कळ कॉलेजांत पसरला होता आणि आमच्याकडेही तो होता. केंद्राचा नियम गेला तरी राज्यांचे स्वतःचे कायदे जागच्या जागी होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये मिनेसोटाने आपल्या जुन्या कायद्यावर बोट ठेवून कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षण देणाऱ्या कंपनीच्या मोफत अभ्यासक्रमांनाही नोंदणीचा प्रश्न विचारला होता, तो याच कारणाने. या कामावर नव्याने आलेल्या माणसाने पहिल्या दिवशी हे नीट समजून घ्यावे.

मी फेब्रुवारी २०१६ मध्ये हे काम हाती घेतले तेव्हा आमचे ऑनलाइन विद्यार्थी सतरा राज्यांत होते. पहिले सहा आठवडे केवळ यादी करण्यात गेले, कारण प्रवेश कार्यालयाकडे असलेला पत्ता हा अनेकदा विद्यार्थ्याच्या आई-वडिलांचा असतो आणि नियमाला हवे असते ते विद्यार्थ्याचे प्रत्यक्ष राहण्याचे ठिकाण. त्यानंतर मी एक्सेलमध्ये प्रत्येक राज्याची एक ओळ केली. सहा राज्यांना, तेथे आमची इमारत किंवा कर्मचारी नसल्यामुळे, काहीच नको होते. चार राज्यांना सवलतीचे पत्र हवे होते, म्हणजे ‘तुम्हांला परवानगीची गरज नाही’ असे त्यांनीच लिहून देण्यासाठी आपण अर्ज करायचा. उरलेल्या सात राज्यांना पूर्ण अर्ज हवा होता.

पूर्ण अर्ज म्हणजे काय, याची कल्पना यावी म्हणून एकाच अर्जाचे वर्णन करते. लेखापरीक्षित ताळेबंद, अ‍ॅक्रेडिटेशनचे पत्र, संपूर्ण माहितीपुस्तिका, विद्यार्थ्यांशी होणाऱ्या कराराचा नमुना, शुल्क परत करण्याचे धोरण, प्रत्येक ऑनलाइन प्राध्यापकाच्या पदव्यांचा तपशील, त्या राज्यात आमच्या वतीने नोटिसा स्वीकारणाऱ्या एजंटची नेमणूक आणि शुअरिटी बाँड. हा बाँड म्हणजे कॉलेज बंद पडल्यास विद्यार्थ्यांचे शुल्क परत मिळावे यासाठी विमा कंपनीने घेतलेली हमी असते. पहिला बाँड कुरियरने आला तो दिवस मला अजून आठवतो. जाड पिवळसर कागद, खाली बोटाला लागणारा उठावाचा शिक्का, आणि त्यावर आमच्या कॉलेजच्या नावातील एक अक्षर चुकलेले. तो परत पाठवून दुरुस्त करून घेण्यात अठरा दिवस गेले आणि तेवढ्यात अर्जाला जोडलेला ताळेबंद एका वर्षाहून जुना झाला. संबंधित राज्याच्या कार्यालयाने सगळा अर्ज परत केला आणि शुल्क पुन्हा भरण्यास सांगितले. नियमाप्रमाणे ते बरोबर होते, त्यामुळे वाद घालण्यासारखे काही नव्हते. पण त्या रात्री मला झोप आली नाही. त्यानंतर मी प्रत्येक कागदाच्या मुदतीचा वेगळा रकाना ठेवू लागले. अशी वेळ तुमच्यावर आली तर लेखापरीक्षण अहवाल कोणत्या महिन्यात हाती येतो ते आधी विचारा आणि अर्जाचे वेळापत्रक त्यावरून ठरवा.

मार्च २०१६ ते मे २०१८ या काळात त्या सात राज्यांपैकी पाच राज्यांच्या परवानग्या मिळाल्या. माझ्या वहीतील नोंदीप्रमाणे अर्ज आणि नूतनीकरणाचे शुल्क २२,७५० डॉलर झाले, बाँडचे हप्ते ३,९०० डॉलर, आणि एजंट, नोटरी, कुरियर मिळून आणखी साधारण २,००० डॉलर. माझे तास मी मुद्दाम लिहून ठेवले होते, ते ६१० भरले. मोठ्या विद्यापीठाला ही रक्कम किरकोळ वाटेल, पण आमच्याकडे तेवढ्यात एका तासिका-प्राध्यापकाचे वर्षभराचे काम निघते. शिवाय यातील बराच खर्च विद्यार्थिसंख्येवर अवलंबून नव्हता. एका राज्यात आमचे दोन विद्यार्थी होते, आणि त्या दोघांसाठी भरलेले शुल्क त्यांच्या एका सत्राच्या शुल्काहून अधिक होते.

उरलेली दोन राज्ये आम्ही बंद केली. तेथील खर्च आणि तेथील विद्यार्थी यांचा मेळ बसत नाही, असा निर्णय वित्त विभागाने घेतला आणि तो मला कळवला. त्यानंतर महिन्याभराने त्यांपैकी एका राज्यातील एका नर्सचा फोन प्रवेश कार्यालयाने माझ्याकडे वळवला. तिच्याकडे नर्सिंगचा दोन वर्षांचा डिप्लोमा आणि परवाना होता, रात्रपाळी करून तिला पदवी पूर्ण करायची होती आणि आमचा अभ्यासक्रम तिच्या पाळ्यांना जमणारा होता. तिने विचारले, ‘मी राज्याच्या सीमेपलीकडे चाळीस मिनिटांवर बहिणीचा पत्ता दिला तर चालेल का?’ मला नाही म्हणावे लागले. माझ्या आईने नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून, आम्ही दोघे भावंडे शाळेत असताना, स्वयंपाकघरातील टेबलावर पुस्तके मांडून बी. ए. केले होते. त्यामुळे घर आणि नोकरी सांभाळून शिकू पाहणाऱ्या बाईला पत्त्यावरून नाकारणे मला फार जड गेले. खर्चाचा विचार करताना आपण भरलेले शुल्क मोजतो. नाकारलेला विद्यार्थी कोणत्याच रकान्यात येत नाही.

‘सारा’ची वाट आम्ही आधीपासूनच पाहत होतो. या कराराचा मूळ विचार साधा आहे: कॉलेजवर देखरेख त्याचे मूळ राज्य करील आणि बाकीची सदस्य राज्ये ती देखरेख मान्य करतील. माजी शिक्षणमंत्री रिचर्ड रायली यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने एप्रिल २०१३ मध्ये त्याची रूपरेषा मांडली. देशातील चार प्रादेशिक शिक्षणमंडळे तो चालवतात आणि त्यांच्यात समन्वय ठेवणारी राष्ट्रीय परिषद वर असते. २०१४ मध्ये इंडियाना पहिले सदस्य झाले, त्यानंतर राज्ये एकामागून एक येत गेली, आणि आमचे मॅसॅच्युसेट्स अगदी शेवटच्यांपैकी, जून २०१८ मध्ये आले. कॅलिफोर्निया मात्र तेव्हा बाहेरच राहिले.

बातमी आली त्या दिवशी मी पात्रतेच्या अटी छापून भिंतीवर लावल्या. पदवी देणारी आणि मान्यताप्राप्त अ‍ॅक्रेडिटेशन असलेली संस्था ही पहिली अट. खासगी कॉलेजांसाठी दुसरी अट आर्थिक प्रकृतीची: केंद्रीय शिक्षण खाते ताळेबंदावरून उणे १ ते ३ या मोजपट्टीवर एक गुणांक काढते आणि तो १.५ किंवा अधिक असावा लागतो. १ ते १.५ या दरम्यान असलेल्या कॉलेजला राज्य आपल्या अधिकारात तात्पुरता प्रवेश देऊ शकते, पण अधिक देखरेखीखाली. आमचा गुणांक १.७ होता. तो आकडा मी वित्त विभागाकडून फोनवर ऐकला तेव्हा हातातील पेन खाली ठेवून दोन मिनिटे नुसती बसून राहिले.

अर्ज स्वतः लांब नाही. मात्र त्यावर कॉलेजच्या अध्यक्षांची किंवा शैक्षणिक प्रमुखांची सही लागते, आणि त्या सहीने कॉलेज बऱ्याच गोष्टींची हमी देते. ऑनलाइन शिक्षणाच्या गुणवत्तेची अ‍ॅक्रेडिटेशन संस्थांनी आखलेली मार्गदर्शक तत्त्वे पाळू. आपत्ती आली किंवा कॉलेज बंद पडले तर विद्यार्थ्यांचे शिक्षण पूर्ण करण्याची किंवा भरपाईची व्यवस्था करू. तक्रारीचा मार्ग स्पष्ट सांगू. आणि ज्या अभ्यासक्रमांतून व्यवसायाचा परवाना मिळतो, त्यांबद्दल विद्यार्थ्याच्या राज्यात तो चालेल की नाही हे त्याला कळवू. मी यांतील प्रत्येक हमीसमोर ‘हे आपल्याकडे कोण करते आणि ते कोठे लिहिलेले आहे’ असा रकाना केला. आपत्तीच्या योजनेसमोरचा रकाना रिकामा राहिला. कॉलेजकडे आगीची योजना होती, वादळाची होती, पण सर्व्हर आणि नोंदी गेल्या तर ऑनलाइन वर्गाचे काय होईल, हे कोणी लिहून ठेवलेले नव्हते. ते लिहायला संगणक विभागाबरोबर तीन आठवडे लागले. सही मागण्यापूर्वी हा रकाना भरून घ्या, एवढे मी आग्रहाने सांगेन.

तक्रारीच्या पानावरही वेळ घालवावा लागला. या करारात विद्यार्थी आधी कॉलेजच्या पद्धतीने तक्रार करतो आणि समाधान झाले नाही तर कॉलेजच्या मूळ राज्याच्या नेमलेल्या कार्यालयाकडे जातो. गुण आणि वर्तणूक यांसंबंधीच्या तक्रारी मात्र त्यात येत नाहीत. आमच्या संकेतस्थळावर ही माहिती चौथ्या क्लिकवर सापडत होती. मी ती पहिल्या पानाच्या तळाशी आणवली.

अर्ज १७ सप्टेंबर २०१८ रोजी गेला. राष्ट्रीय परिषदेचे वार्षिक शुल्क तेव्हा पूर्णवेळ समकक्ष (म्हणजे अर्धवेळ विद्यार्थी त्या प्रमाणात धरून) अडीच हजारांहून कमी विद्यार्थी असलेल्या कॉलेजला २,००० डॉलर, दहा हजारांपर्यंत ४,००० आणि त्यापुढे ६,००० होते. राज्य आपले शुल्क वेगळे घेते आणि ते प्रत्येक राज्यात निराळे असते, म्हणून अर्ज करताना दोन्हींचे चालू दर पाहून घ्यावेत. नंतर सात आठवडे वाट पाहिली. मधे एकदाच विचारणा आली, तीही परवाना-अभ्यासक्रमांच्या यादीबद्दल. ८ नोव्हेंबरला मान्यतेचे पत्र आले.

त्या दिवशी मी एक चूक टाळली, ती सांगण्यासारखी आहे. जुने बाँड त्याच दुपारी रद्द करावेत असा निरोप वित्त विभागाकडून आला होता. मी राष्ट्रीय परिषदेच्या सहभागी कॉलेजांच्या यादीत आमचे नाव प्रत्यक्ष दिसेपर्यंत थांबले आणि मग पाचही राज्यांना ‘आमचे तुमच्या राज्यातील काम आता या कराराखाली चालेल’ असे पत्र पाठवून त्यांची पोच घेतली. बाँडला रद्द करण्याची सूचना-मुदत असते आणि काही राज्ये शेवटचा अहवाल मागतात. आमचा शेवटचा बाँड मार्च २०१९ मध्ये सुटला. म्हणजे पहिल्या वर्षी बचत पूर्ण दिसत नाही, हे अंदाजपत्रक मांडणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.

बचत नेमकी कोठे जावी, यावरून डिसेंबरमध्ये कॉलेजात चर्चा झाली. काम संपले असेल तर माझे पद अर्धवेळ करावे, असा एक प्रस्ताव होता. मी वहीतील तास टेबलावर ठेवले आणि सांगितले की राज्यांच्या परवानगीचे काम कमी झाले आहे, परवान्यांचे नाही. ‘सारा’ कॉलेजला राज्यात शिकवण्याची मोकळीक देतो, पण शिक्षक, नर्स, समुपदेशक यांना परवाना देणाऱ्या व्यावसायिक मंडळांवर त्याचा काही अधिकार चालत नाही. आमच्या शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या राज्यात शिकवता येईल का, हे आम्हांला सतरापैकी फक्त पाच राज्यांबद्दल नक्की माहीत होते. पद पूर्णवेळ राहिले आणि वाचलेल्या तासांपैकी निम्मे तास या शोधाला मिळाले.

येथे एक मत मांडते. ग्राहकहक्कांसाठी काम करणाऱ्या संघटना या करारावर टीका करतात की सदस्य राज्याला बाहेरच्या कॉलेजवर आपले अधिक कडक नियम लावता येत नाहीत आणि फसवणूक करणाऱ्या संस्थाही त्याच सोयीचा लाभ घेतात. मला ही टीका गंभीर वाटते. पिवळा बाँड कंटाळवाणा होता, पण तो विद्यार्थ्याच्या पैशांसाठी होता. कॉलेजचा खर्च वाचतो तो अखेर एका राज्याने दुसऱ्यावर टाकलेल्या विश्वासातून, आणि त्या विश्वासाचा भार आमच्या अर्जातील हमींवर आहे. म्हणून त्या हमींवर नुसती सही करून कागद फाइलला लावणे मला चुकीचे वाटते.

मे २०१९ मध्ये पहिला वार्षिक अहवाल भरला. कोणत्या राज्यात किती विद्यार्थी केवळ ऑनलाइन शिकतात, हे त्यात द्यावे लागते, आणि त्या वर्षापासून दुसऱ्या राज्यांतील प्रात्यक्षिक प्रशिक्षणाच्या जागांची संख्याही मागण्यास सुरुवात झाली. पत्त्यांची यादी आधीच नीट असल्यामुळे हे काम दीड दिवसात झाले. राज्ये सतराची तेवीस झाली होती. बंद केलेल्या दोन राज्यांत मिळून पाच विद्यार्थी होते. त्या नर्सला मी नोव्हेंबरमध्येच पत्र पाठवले होते. तिने लगेच उत्तर दिले की ती दुसऱ्या कॉलेजात दोन सत्रे पूर्ण करून बसली आहे.

जुलै २०१९ मध्ये मी रजा घेऊन नाशिकला आईकडे गेले होते. २२ जुलैला अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याने जाहीर केले की बाहेरच्या सार्वजनिक आणि विनानफा कॉलेजांत ऑनलाइन शिकणाऱ्या कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांना सरकारी मदत मिळणार नाही, कारण त्यांच्या तक्रारी ऐकण्याची व्यवस्था त्या राज्यात नाही. रद्द झालेल्या जुन्या नियमानंतर केंद्राने राज्य-परवानगीबद्दल केलेला २०१६ चा नवा नियम न्यायालयाच्या आदेशाने मे महिन्यात लागू झाला होता, त्याचा हा परिणाम होता. आमचे तेथे चार विद्यार्थी होते. वेळेच्या फरकामुळे मी दोन रात्री आईच्या स्वयंपाकघरात बसून त्यांना ई-मेल लिहिले. काय ठरले आहे, काय ठरायचे आहे आणि आम्ही पुन्हा कधी कळवू, एवढेच, कोणतेही आश्वासन न देता. कॅलिफोर्नियाने ग्राहक व्यवहार विभागामार्फत तक्रारी स्वीकारण्याची व्यवस्था केली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला शिक्षण खात्याने ती मान्य केली. चारही विद्यार्थ्यांचे सत्र वेळेवर सुरू झाले. सदस्य नसलेल्या राज्यासाठी एक्सेलमधील ओळ कधीही पुसू नये, हे मी तेव्हा शिकले.

त्या शरद ऋतूत पहिले नूतनीकरण झाले. एका दुपारचे काम होते: गुणांक, अ‍ॅक्रेडिटेशनची तारीख, सही, शुल्क. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका राज्यातील बालवाडी-शिक्षिकेने विचारले की आमची पदवी घेऊन तिला तिच्याच जिल्ह्यात शिकवता येईल का. पूर्वी मी तिला ‘तुमच्या राज्याच्या मंडळाकडे चौकशी करा’ असे लिहिले असते. या वेळी मी स्वतः त्या मंडळाशी दोनदा फोनवर बोलले, त्यांचे उत्तर लेखी घेतले आणि तिसऱ्या दिवशी तिला कळवले की आमच्या अभ्यासक्रमातील प्रत्यक्ष अध्यापनाचे तास तिच्या राज्याच्या अटीहून कमी भरतात. तिने आमच्याकडे प्रवेश घेतला नाही. मंडळाचे उत्तर मी परवान्यांच्या यादीत तिच्या राज्यासमोर तारखेसह लिहिले आणि त्या तासांचा प्रश्न शिक्षण विभागाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घातला.